टेनिसचा बॉल: नाव नंतर, कोर्ट आधी

प्रश्न : आम्ही चौघं शनिवार-रविवार सकाळी सोसायटीच्या सिंथेटिक कोर्टवर डबल्स खेळतो. दुकानात एकाच कंपनीचे चार-पाच प्रकारचे डबे असतात आणि दुकानदार त्यातला महागडा पुढे करतो. नेमका कोणता घ्यावा? (ठाणे)

उत्तर : कंपनीचं नाव सगळ्यांत शेवटी वाचा. आधी कोर्ट बघा, कारण बॉलवरची लव कोर्टाप्रमाणे वेगळी असते. सिमेंटचं किंवा सिंथेटिक कोर्ट खरखरीत असतं, प्रत्येक टप्प्याला थोडी लव घासून नेतं. त्यासाठी 'एक्स्ट्रा ड्यूटी' बॉल येतो. त्याची लव जाड असते आणि झिजायला वेळ घेते. 'रेग्युलर ड्यूटी'ची लव पातळ आणि घट्ट बसलेली असते. तो मातीच्या कोर्टसाठी किंवा इनडोअर खेळासाठी. विल्सनच्या 'यूएस ओपन' बॉलमध्येसुद्धा हे दोन्ही प्रकार आहेत, म्हणजे नाव तेच आणि आतला बॉल वेगळा. डब्यावर 'ड्यूटी'च्या आधीचा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

उलटसुलट झालं तर काय होतं, तेही सांगतो. रेग्युलर ड्यूटी बॉल सिंथेटिक कोर्टवर लवकर गुळगुळीत होतो, मग हवेत वेगाने जातो, टप्पा पडल्यावर घसरतो आणि टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, धरत नाही. एक्स्ट्रा ड्यूटी बॉल मातीवर फुगतो, लवेत माती धरतो आणि जड होत जातो. दोन्ही वेळा शिव्या कंपनीला बसतात.

कोर्टानंतर दर्जा. साधारण तीन पायऱ्या असतात : सरावाचा, 'चॅम्पियनशिप' आणि त्यावरचा स्पर्धेचा. वरच्या बॉलच्या लवेत लोकरीचं प्रमाण जास्त असतं आणि डब्यातले तिन्ही बॉल एकमेकांशी जास्त जुळतात. जो फिरकीवर खेळतो त्याला हा फरक हाताला कळतो. तुमच्यासारख्या शनिवार-रविवारच्या डबल्सला चॅम्पियनशिप दर्जाचा एक्स्ट्रा ड्यूटी बॉल पुरेसा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. वाचलेले पैसे डबे वेळेवर बदलण्यात घाला. महाग डबा महिनाभर ओढण्यापेक्षा मधल्या दर्जाचे दोन डबे वापरलेत तर खेळ कितीतरी चांगला होतो.

डब्यावर आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, मान्यतेचा उल्लेख आहे का तेही बघा. नेहमीच्या मान्यताप्राप्त बॉलचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम आणि व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर असतो. पिशवीत सुटे मिळणारे सरावाचे बॉल या मापात असतीलच असं नाही.

किंमत डब्यावर मोजू नका, सत्रावर मोजा. समजा ४५० रुपयांचा डबा तीन सकाळी चांगला चालला, तर सकाळी १५० रुपये, चौघांत माणशी साडेसदतीस. ३०० रुपयांचा डबा एकाच सकाळी बसला तर माणशी पंच्याहत्तर. आता स्वस्त कोणता ते तुम्हीच बघा.

प्रश्न : डबा उघडला, दोन तास खेळलो आणि पुढच्या रविवारी तेच बॉल काढले तर उसळीच नाही. वापर तर फारसा झाला नव्हता. माल खराब होता का? (नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. टेनिसच्या बॉलमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १२ ते १४ पीएसआय (हे दाब मोजायचं एकक) जास्त दाब भरलेला असतो. रबर डोळ्यांना बंद दिसतं, पण हवा त्यातून अतिशय हळू झिरपत असते. डब्यातसुद्धा तेवढाच दाब असतो, म्हणून आत असेपर्यंत बॉलमधली हवा बाहेर जायला बघत नाही. झाकण उघडताना जो 'फुस्स' आवाज येतो तो या दाबाचा. त्या क्षणापासून झिरप सुरू होते, मग तुम्ही खेळा किंवा बॉल कपाटात ठेवा. फटक्यांनी ती वाढते, एवढंच. मोठ्या स्पर्धांत पहिल्या ७ गेमनंतर आणि पुढे दर ९ गेमनंतर नवे बॉल येतात. आपल्याला तशी चैन नको, पण उघडलेला डबा 'जपून' ठेवायचा नसतो, हे मात्र पक्कं धरा. शनिवारी उघडा, रविवारी तेच वापरा, पुढच्या आठवड्यात सरावाला घ्या.

'फुस्स' आवाज आलाच नाही, तर तो डबा आधीच गळालेला आहे. बॉल दाबून बघा आणि पावतीसह परत करा. प्लॅस्टिकचे डबेही वर्षानुवर्षं दाब धरत नाहीत, म्हणून खरेदी करताना छापलेला महिना आणि वर्ष वाचा. ऑनलाइन सवलतीत मिळणारा माल कधीकधी गोदामात दीर्घकाळ पडलेला असतो. दोन वर्षांपेक्षा जुना डबा आम्ही घेणार नाही.

उघडलेला डबा गाडीच्या डिकीत ठेवत असाल तर आजच ती सवय सोडा. उष्णतेत आतला दाब वाढतो आणि झिरपही वाढते. मे महिन्यात नवा बॉल अंगणाबाहेर उडाल्यासारखा वाटतो त्यामागेही हेच कारण. २० अंशांना १२ पीएसआय जादा दाब असलेल्या बॉलमध्ये ४० अंशांना तो जवळपास १४ पर्यंत जातो, शिवाय गरम रबर जास्त उसळतं. अशा दिवसांत सकाळी सहाला खेळणाऱ्यांनी नवा बॉल घ्यावा. दुपारी उशिरा खेळणाऱ्यांना आधी दोनेक सेट खेळलेला बॉल बरा पडतो.

दाब टिकवणाऱ्या नळ्या बाजारात मिळतात. त्यात बॉल ठेवून पंपाने १४ पीएसआयच्या आसपास दाब धरला तर झिरप जवळजवळ थांबते. खेळ संपल्याबरोबर बॉल आत गेले तर उपयोग होतो. आठवडाभराने टाकले तर मेलेला बॉल त्या दाबाला उठत नाही. आणि गेलेली लव कुठल्याच नळीने परत येत नाही.

प्रश्न : बॉल बदलायची वेळ झाली हे घरी मोजून कसं ठरवायचं? आमच्यात रोज यावरून वाद होतो. (पुणे)

उत्तर : वाद मिटवायला मोजपट्टी आहे. नियमाची चाचणी अशी : बॉल २५४ सेंटिमीटर उंचीवरून, म्हणजे आठ फूट चार इंचांवरून, काँक्रीटवर नुसता सोडायचा. उसळी १३५ ते १४७ सेंटिमीटर यायला हवी. ती प्रयोगशाळेत २० अंश तापमानाला घेतात, त्यामुळे तुमचा आकडा थोडा पुढेमागे होईल.

गच्चीच्या भिंतीवर खडूने २५४ आणि १३५ च्या खुणा करा. एक जण स्टुलावर उभा राहून बॉलची खालची कड वरच्या खुणेला धरेल आणि न ढकलता सोडेल. दुसरा खालच्या खुणेच्या उंचीला डोळे आणून मोबाइलवर संथ गतीचं चित्रण घेईल. उसळीसुद्धा बॉलच्या खालच्या कडेपासून मोजायची. प्रत्येक बॉल तीनदा सोडा. जमीन फरशीची किंवा टाइलची नको, काँक्रीटच हवी.

इतका खटाटोप नको असेल तर दोन्ही हातांत एक नवा आणि एक जुना बॉल खांद्याच्या उंचीला धरून एकाच वेळी सोडा. जुना एक वीत खाली राहिला तर त्याने सामना खेळू नका, सर्व्हिसच्या सरावाला ठेवा. मऊ झालेल्या बॉलने खेळण्याचं नुकसान फक्त खेळाचं नसतं. बॉल जात नाही म्हणून माणूस जोर लावतो, फटका उशिरा बसतो आणि कोपर दुखायला लागतं.

प्रश्न : बॉल मशीनसाठी आणि भिंतीवरच्या सरावासाठी प्रेशरलेस बॉल सुचवला जातो. मला मागे टेनिस एल्बो झाला होता. चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : मशीनसाठी चालेल, तुमच्या कोपरासाठी जपून. प्रेशरलेस बॉलची उसळी आतल्या हवेवर नाही, रबराच्या जाड कवचावर असते. म्हणून तो महिनोन्‌महिने बसत नाही. उलट लव झिजत जाते तसा हलका होऊन जास्त उसळतो. मशीनमध्ये साठ-सत्तर बॉल लागतात आणि ते सगळे सारखे उसळायला हवेत, तिथे हाच बॉल योग्य. प्रेशरचे आणि प्रेशरलेस एकत्र टाकू नका, एक छातीशी येईल आणि पुढचा गुडघ्याशी. ओले बॉल मशीनमध्ये घालायचेच नाहीत, चाकं घसरतात आणि लव आत अडकते.

पण जाड कवचामुळे रॅकेटवर तो लाकडी लागतो आणि हादरा मनगटातून वर चढतो. एकदा कोपर दुखलेल्या माणसाने रोज तासभर या बॉलने भिंतीवर खेळणं आम्हाला मान्य नाही. भिंतीसाठी हिरव्या ठिपक्याचा बॉल घ्या. तो मऊ आणि संथ असतो, परत यायला वेळ घेतो, त्यामुळे फटका घाईने मारावा लागत नाही. तारांचा ताण दोन-तीन पौंडांनी कमी करून बघा. दुखणं परत सुरू झालं तर बॉल बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. कोच म्हणतात लाल बॉल आणा, पण आजोबांना वाटतं की खऱ्या बॉलने शिकली तरच पुढे जाईल. (सांगली)

उत्तर : कोचचं ऐका, आणि आजोबांना पुढची मापं वाचून दाखवा. नेहमीचा बॉल सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून उसळतो. तो मारायला ती रॅकेट कानाजवळ नेते, पकड वाकडी होते आणि तीच सवय अंगात भिनते. लाल बॉल सुमारे ७५ टक्के संथ असतो आणि मघाच्या चाचणीत ९० ते १०५ सेंटिमीटरच उसळतो, म्हणजे तिच्या कमरेशी येतो. केशरी ५० टक्के संथ, उसळी १०५ ते १२०. हिरवा २५ टक्के संथ, उसळी १२० ते १३५. आयटीएफने २०१२ पासून दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांच्या स्पर्धांसाठी नेहमीचा पिवळा बॉल बंदच केला आहे.

बॉल एकटा बदलून भागत नाही. लाल बॉलला सुमारे ११ मीटर लांबीचं छोटं कोर्ट आणि ८० सेंटिमीटरच्या आसपास उंच जाळी लागते. रॅकेट १७ ते २३ इंचांची हवी, मोठ्या भावाची २७ इंची नको. केशरी बॉल साधारण आठव्या वर्षी १८ मीटरच्या कोर्टवर, हिरवा नऊ-दहाव्या वर्षी पूर्ण कोर्टवर. वय हा अंदाज आहे. लाल बॉलने दहा-बारा फटक्यांची रॅली सहज जमायला लागली की केशरीकडे न्या, वाढदिवसाची वाट बघू नका.

प्रश्न : सुट्टीत महाबळेश्वरला खेळलो तर सगळे बॉल बाहेर जात होते. चूक आमची की बॉलची? (मुंबई)

उत्तर : उंचीची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३५० मीटरच्या आसपास आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून बॉलमधला जादा दाब आणखी जादा होतो. शिवाय विरळ हवा बॉलला कमी अडवते. आयटीएफने १२१९ मीटरच्या वर खेळण्यासाठी वेगळा बॉल ठरवला आहे, त्याची उसळी १२२ ते १३५ सेंटिमीटर असते. पाचगणीही या रेषेच्या वर येते. पुणे-नाशिक खूप खाली आहेत, तिथे नेहमीचाच बॉल वापरायचा.

तो खास बॉल आपल्याकडे सहज मिळत नाही. मौजेसाठी खेळताना हिरव्या ठिपक्याचा बॉल न्या, मघाचे आकडे बघा, उसळी जवळपास तीच आहे. वजनाला मात्र तो हलका आहे, ४७ ते ५१.५ ग्रॅम. नाहीतर आठ-दहा दिवसांपूर्वी उघडलेला डबा घाटावर घेऊन जा. खाली बसलेला बॉल वर बरा चालतो.

प्रश्न : पावसाळ्यात ओला झालेला बॉल उन्हात वाळवला तर परत वापरता येतो का? आणि क्रिकेटचा टेनिस बॉल टेनिसला चालतो का? (रत्नागिरी)

उत्तर : नुसता दमट झालेला बॉल पंख्याखाली रात्रभर ठेवा, सकाळी लव हाताने उलटी फिरवून मोकळी करा, सरावाला होईल. कडक उन्हात, तव्याजवळ किंवा केस वाळवायच्या यंत्राने तापवू नका, रबरही सैल होतं आणि लव उकलते. पाणी पिऊन जड झालेला बॉल मारत राहिलात तर तारा आणि खांदा दोन्हींवर ताण येतो. निथळणारा बॉल बाजूलाच काढा.

क्रिकेटसाठी विकला जाणारा 'हेवी' बॉल टेनिसला अजिबात नको. तो बहुतेक वेळा ५९.४ ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बराच जड आणि जाड रबराचा असतो, रॅकेटच्या तारा तोडतो. उलटा व्यवहार मात्र चालतो. लव गेलेले तुमचे जुने बॉल गल्लीतल्या मुलांना द्या, त्यांचं क्रिकेट त्यावर मजेत होतं.