रणात पहिल्यांदा आकाश बघायला जाताना

कच्छच्या रणात निघालायस ना, मग तारीख अमावास्येजवळचीच धर. पौर्णिमेला पांढरं रण बघायला झुंबड उडते, पण मिठावर चांदणं पडलं की फिकट तारे गुडूप होतात.

टेलिस्कोपसाठी एवढ्यात पैसे घालू नकोस. १०×५० ची द्विनेत्री, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची दोन डोळ्यांची दुर्बीण, भरपूर झाली. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, आणि मधेच मोबाईल उघडलास तर सगळं मुसळ केरात. म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबरानं आवळ. हे घरूनच करून ने, तिथं अंधारात जमत नाही.

घोंगडं विसरू नकोस. जानेवारीतली रणातली रात्र बोचते. मी पहिल्या खेपेला नुसत्या स्वेटरवर गेलो आणि ऐन रंगात आलेलं आकाश सोडून गाडीत जाऊन बसलो. त्याची हळहळ अजून आहे.

आपल्या कोल्हापूरच्या रंकाळ्यावरून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर असतो, रणाकाठच्या धोरडो गावाला २४ अंशांच्या आसपास. हात लांब करून मूठ धर, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. स्वतः मोजून बघ, पृथ्वी गोल आहे हे तिथं हाताला लागतं. अगस्त्य तारा मात्र दक्षिणेला आपल्यापेक्षा खाली दिसेल.

मग मृग नक्षत्राकडे वळ. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धुरकट ठिपका आहे. त्याच्यावर नजर रोखू नकोस, किंचित बाजूला बघ, म्हणजे तो हळूहळू पसरत जातो. तिथं नवे तारे जन्मतायत. घाई करू नकोस, त्या एका ठिपक्याला दहा मिनिटं दे.