‘गणित सोडले तर चालेल का?’ या प्रश्नाआधीचा प्रश्न

दहावीच्या पहिल्या सत्राचे गुण घरी पोहोचले की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : ‘गणित सोडले तर चालेल का?’ आई विचारते तेव्हा त्यात काळजी असते, वडील विचारतात तेव्हा बहुधा निराशा असते आणि मूल विचारते तेव्हा सुटकेची आस असते. अठरा वर्षांच्या समुपदेशनाच्या कामात मी या प्रश्नाचे उत्तर पहिल्या भेटीत कधीही दिलेले नाही. त्यामागचे कारण कळावे म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एका मुलीची हकीकत इथे लिहीत आहे. ओळख पटू नये यासाठी तिचे नाव आणि गाव गाळले आहे, आणि पाच भेटींतले बोलणे मोजक्या संवादांत आणले आहे.

तालुक्याच्या गावी तिच्या वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. त्यांनी गुणपत्रक माझ्यापुढे ठेवले. गणित भाग १ मध्ये, म्हणजे बीजगणितात, ४० पैकी १३ आणि भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत, २९.

“मॅडम, हिला सायन्सला घालून इंजिनिअर करायचं ठरवलं होतं. पण गणिताचं हे असं आहे. गणित सोडून बायो ठेवलं तर जमेल का?”

मुलगी मान खाली घालून म्हणाली, “मला गणित येतच नाही. मी कॉमर्सला जाते आणि एस.पी. घेते.” आपल्याकडे अकरावी वाणिज्य शाखेत बहुतेक महाविद्यालयांत गणित किंवा एस.पी., म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, यांतला एक विषय निवडता येतो आणि गणिताला घाबरलेली मुले डोळे मिटून दुसऱ्यावर बोट ठेवतात.

बाप आणि लेक वेगवेगळ्या वाटांनी एकाच निष्कर्षाला पोहोचले होते, पण २९ या आकड्याकडे दोघांपैकी कोणीही पाहिले नव्हते. दहावीच्या भाग २ मध्ये समरूपता आहे, पायथागोरसचे प्रमेय आहे, वर्तुळ आहे, आणि प्रत्येक पायरीला कारण लिहावे लागते. ज्या मुलीला वर्तुळावरील प्रमेयाची सिद्धता सकारण मांडता येते, तिला गणित येत नाही असे म्हणायला माझी जीभ रेटेना. मी तिला दुसऱ्या भेटीला बीजगणिताच्या सगळ्या वह्या घेऊन यायला सांगितले.

कल चाचण्यांना माझा विरोध नाही, मात्र माझी सुरुवात त्यांच्यापासून होत नाही. त्यांच्या निकालाच्या आलेखापेक्षा वहीतली खाडाखोड मला अधिक सांगते, कारण मूल नेमके कुठे अडखळले हे तिथे त्याच्याच हस्ताक्षरात उमटलेले असते. या मुलीच्या वहीत दोन चलांतील रेषीय समीकरणे सोडवण्याची रीत अचूक होती, मांडणी नेटकी होती आणि उत्तरे चुकलेली होती. एका ओळीत उणे तीन वजा पाच बरोबर आठ असे लिहिलेले होते.

“इथं आठ कसे आले?”

“दोन उणे आले की अधिक होतं ना.”

“हे कुणी सांगितलं?”

“सहावीत. तेव्हा मोबाईलवर तास चालायचे. मधेच रेंज जायची, पण तेवढं मी वहीत लिहून घेतलं होतं.”

तिचे सहावीचे वर्ष म्हणजे २०२०-२१. शाळा वर्षातला बराच काळ बंद होत्या, अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केला होता आणि वर्षाअखेरीस पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात पाठवले गेले. त्या परिस्थितीत दुसरे काही करणे शक्य नव्हते, म्हणून मी कोणालाही दोष देत नाही. पण पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया आणि समीकरणांची पहिली ओळख या तिन्ही गोष्टी राज्य मंडळाच्या सहावीच्या पुस्तकात येतात, आणि पुढचे सगळे बीजगणित त्यांच्यावर उभे राहते. ‘उणे उणे अधिक’ हे वाक्य ऋण संख्या वजा करताना लागू पडते आणि पुढे गुणाकारात लागू पडते. या मुलीच्या हाती वाक्य आले होते आणि ते कुठे वापरायचे हे रेंजबरोबर गेले होते. चार वर्षे ती ते सगळीकडे वापरत राहिली, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरागणिक आपण मठ्ठ आहोत ही तिची खात्री वाढत गेली.

वडील पहिल्या भेटीत सहज बोलून गेले होते की रविवारी उधारीची वही तीच लिहिते आणि तिच्या हातून कधी चूक होत नाही. ते वाक्य मी टिपून ठेवले होते. तिसऱ्या भेटीत मी गणिताचे पुस्तक बाजूला ठेवले.

“एका गवंड्याच्या नावावर तीनशेची उधारी आहे. त्यानं आणखी पाचशेचा माल उधारीवर नेला. आता?”

“आठशे उधारी.”

“आठशे जमा नाही?”

ती पहिल्यांदा हसली. “जमा कसे होतील? असं लिहिलं तर दुकान बुडेल.”

मी त्याच कागदावर उणे तीन वजा पाच एवढेच लिहिले आणि कागद तिच्याकडे सरकवला. ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. अशा वेळी मदत करण्याचा मोह फार होतो, पण मूल विचार करत असताना शब्दही न बोलणे ही माझ्या कामातली मला सर्वांत कष्टाने साधलेली गोष्ट आहे, आणि त्या दिवशी ती मला साधली. मग ती म्हणाली, “म्हणजे उणे उणे अधिक हा नियम खोटा आहे का?”

हा प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. ज्या मुलाला गणित नको असते ते ‘बरं’ म्हणून पुढे जाते. नियमाचीच उलटतपासणी घेणारे मूल गणित करत असते, मग त्याचे गुण काहीही असोत.

“समजा तुझ्या वडिलांनी त्याची पाचशेची उधारी माफ केली, म्हणजे वहीतून उधारीच वजा केली. मग?”

“तो पाचशेनं सुटला. जमा केल्यासारखंच झालं.” ती थांबली आणि स्वतःच पुढे म्हणाली, “उधारीत उधारी घातली तर उधारी वाढते. उधारी काढून टाकली तर माणूस सुटतो. हे दोन वेगळे आहेत. मी दोन्हींना एकच नियम लावत होते.”

तेव्हापासून कोणी गणित सोडण्याविषयी विचारले की मी आधी विचारते : ते कुठल्या इयत्तेत तुटले? कारण सहावीतल्या एका गैरसमजामुळे अकरावीचा विषय ठरत असेल, तर ती निवड मुलाची नाही. तुटलेली जागा सापडली, जोडली, आणि तरीही मुलाला दुसऱ्या विषयाची ओढ असेल, तर गणित खुशाल सोडावे.

वाटांची माहिती मी त्यानंतरच देते. या वडिलांना दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या. पहिली अशी की बारावीनंतर अभियांत्रिकीला जायचे तर गणित लागतेच. राज्याच्या सीईटीत, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेत, पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाच्या २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, म्हणून गणित सोडून केवळ जीवशास्त्र ठेवले तर त्यांना हवी असलेली वाट पहिल्याच दिवशी बंद होणार होती. वास्तुशास्त्रालाही बारावीचे गणित लागते, आणि एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दल किंवा नौदलात जायचे तर भौतिकशास्त्राबरोबर गणित हवेच. औषधनिर्माणशास्त्राला मात्र गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी काहीही चालते. दहावीनंतर पदविकेला जाऊन गणित टळेल असे समजणाऱ्यांनी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून पाहावा, तिथे ते आहेच. दुसरी गोष्ट मुलीसाठी महत्त्वाची होती. सी.ए. होण्यासाठी बारावीला गणित असण्याची अट नाही, पण त्या वाटेवरच्या पहिल्या, म्हणजे फाउंडेशन परीक्षेत १०० गुणांची एक पूर्ण प्रश्नपत्रिका व्यावसायिक गणित, तर्कशक्ती आणि संख्याशास्त्राची असते. एस.पी. घेऊन तिथवर पोहोचणारी मुले आहेत आणि ती यशस्वीही होतात, मात्र गणितापासून सुटका झाली या समजुतीने त्या वाटेला कोणी जाऊ नये.

सीबीएसईच्या पालकांकडून हीच काळजी ‘बेसिक घ्यावे की स्टँडर्ड’ या रूपात येते. २०२० च्या बोर्ड परीक्षेपासून दहावीला हे दोन स्तर आहेत. अभ्यासक्रम दोन्हींना एकच असतो, फरक प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात असतो. बेसिक घेतलेल्यांना अकरावीत गणित घेता येण्याबाबत मंडळाने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत, म्हणून शेजाऱ्यांचा अनुभव प्रमाण न मानता त्या वर्षीचे परिपत्रक वाचावे.

अनेक पालक ‘सगळी दारे उघडी राहावीत’ म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यायला लावतात. पाया पक्का आणि दोन्हींची आवड असेल तर ते योग्यच आहे. पाया कच्चा असताना मात्र भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र धरून होणाऱ्या चार विषयांच्या ओझ्याखाली मूल दोन वर्षे दबलेले राहते आणि एकाही दारापर्यंत धडपणे पोहोचत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

त्या मुलीने पुढचे तीन महिने रोज वीस मिनिटे सहावी आणि सातवीची पुस्तके सोडवली. दहावीत सहावीचे पुस्तक उघडायची लाज वाटे, म्हणून तिने त्याला तपकिरी कव्हर घातले होते. मे महिन्यात बोर्डाच्या निकालात तिला गणितात १०० पैकी ७४ गुण मिळाले. हे गुण मोठे नाहीत, पण तिने ते स्वतःच्या समजुतीवर मिळवले होते.

शेवटच्या भेटीत वडील जड मनाने म्हणाले, “मी काउंटरमागं जन्म काढला. हिनं तरी तिथं बसू नये, एवढंच होतं माझं.” मुलगी त्यांच्याकडे वळून म्हणाली, “पप्पा, मला हिशोबच आवडतो. पण मी दुसऱ्यांच्या दुकानांचा तपासीन.” त्या वर्षी अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन झाले. तिने वाणिज्य शाखा भरली आणि गणित ठेवले. वडिलांना ते पचायला थोडा वेळ लागला, आणि तो मी त्यांना घेऊ दिला.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. धाकटा मुलगा सहावीत होता. त्याला किती गुण मिळाले हे त्यांनी सांगितले नाही. “मॅडम, यानं पाच वजा उणे तीन बरोबर दोन लिहिलंय,” ते म्हणाले, “मी त्याला दुकानात घेऊन आलोय. उधारीची वही समोर आहे. सुरुवात कुठून करू?”