वाचकांचे प्रश्न : मोक्रानी म्हणजे त्याच घराण्यातले का?

प्रश्न : मी दादरला फ्रेंच शिकते. ऑनलाइन सरावात ओळख झालेल्या अल्जेरियातल्या काबील (तिथल्या डोंगराळ भागातला बर्बर समाज) मैत्रिणीचं आडनाव मोक्रानी आहे. फ्रेंच सत्तेविरुद्धच्या १८७१ च्या उठावातल्या मोक्रानींची ती वंशज असेल का? शोधायचं कसं?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : नुसत्या आडनावावरून ते ठरत नाही. सगळे शिंदे ग्वाल्हेरचे नसतात! मोक्रान म्हणजे थोरला. काबील लोकांत हे मुलांचं नेहमीचं नाव.

ते घराणं अल्जेरियाच्या बीबान डोंगरातल्या ‘कला आत अब्बास’ या गढीच्या गावचं, पुढे मेजाना इथे स्थिरावलेलं. १८६७-६८ च्या दुष्काळात मोहम्मद अल मोक्रानी रयतेच्या कर्जाला स्वतः जामीन राहिले, अल्जेरियाचे फ्रेंच गव्हर्नर मॅकमहॉन यांच्या शब्दावर. १८७० मध्ये फ्रान्समध्ये सत्ता पालटली, नव्या राजवटीनं तो शब्द पाळला नाही आणि कर्ज त्यांच्या गळ्यात पडलं. उठावामागे सत्ता हातची जाण्याची सलही होती, पण हा विश्वासघात विसरता येत नाही. १६ मार्च १८७१ ला त्यांनी बोर्ज बू अरेरीज या शहरावर चाल केली; ५ मे रोजी ते लढताना पडले. भाऊ बूमेझराग यांना पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर काळ्या पाण्याला धाडलं.

खरा गुंता २३ मार्च १८८२ च्या कायद्यानं झाला. तोवर माणूस बाप-आजाच्या आणि भावकीच्या नावानं ओळखला जाई. आता फ्रेंच अधिकारी गावोगाव वंशावळी मांडून प्रत्येक घराला कायमचं आडनाव देऊ लागले. कुटुंबातल्या वडीलधाऱ्यानं ते निवडायचं. तो हजर नसला किंवा नकार दिला, तर अधिकारी देईल ते. त्यामुळे एकाच भावकीत दोन आडनावं आली, आणि नात्यागोत्याचा संबंध नसलेल्यांना एकच मिळालं. आजोबांचं नाव मोक्रान, एवढ्यावरही मोक्रानी होता येई.

मैत्रिणीला आधी मूळ गाव विचारा. सध्याचं शहर उपयोगाचं नाही. मग घरच्यांनी त्या गावच्या नगरपालिकेतून पणजोबांचा जन्मदाखला काढावा आणि १८८२ नंतरच्या मूळ नोंदवहीतला उतारा मागावा. त्यात आडनाव मिळालेल्या पूर्वजाच्या बापाचं आणि आजाचं नाव असतं. ती नावं मेजानाच्या घराण्याशी जुळली, तरच पुढे जायचं. शोधताना मोक्रानी, मोक्रान, अमोक्रान, अल मोक्रानी ही सगळी रूपं पाहा; कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या अभिलेखागाराच्या ऑनलाइन नोंदी मुख्यतः युरोपीय वसाहतवाल्यांच्या आहेत. तिथे नाव सापडलं नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.