एकच प्रसंग दरवेळी थोडा वेगळा का आठवतो?
कारण मेंदूत प्रसंगाची सलग चित्रफीत नसते. दृश्य, आवाज, जागा यांचे तुकडे वेगवेगळ्या भागांत असतात. आठवताना हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग ते जुळवायला मदत करतो आणि मधल्या फटी 'असंच झालं असणार' या अंदाजाने भरल्या जातात. मूळचं कुठलं आणि भरलेलं कुठलं, हे आतून कळत नाही. खरी गोची तिथेच आहे.

आठवण बदलायला प्रश्नातला एक शब्दही पुरतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी एका प्रयोगात (१९७४) १५० जणांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. ५० जणांना विचारलं, गाड्या 'जोरात आदळल्या' तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांना तोच प्रश्न, फक्त शब्द सौम्य: 'धडकल्या'. उरलेल्यांना वेगाचं विचारलंच नाही. आठवड्याने 'फुटलेली काच दिसली का?' असं विचारल्यावर पहिल्या गटात १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यात ७, तिसऱ्यात ६. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती!

म्हणून तपशील महत्त्वाचा असेल तर इतरांशी बोलण्याआधी लिहून काढा, वेळ-तारखेसह. दुसऱ्याला विचारताना 'गाडी लाल होती ना?' नको, 'काय दिसलं?' एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. चारदा चर्चा झाल्यानंतरच्या छातीठोकपणावर तर अजिबात विसंबू नका, कारण उजळणीने खात्री वाढते, अचूकपणा वाढेलच असं नाही.