दिसू नये असा हिरवा

पावसाळा सरला, उन्हं तापू लागली की अंगणातल्या रंगकामाच्या चौकश्या सुरू होतात. यंदाच्या प्रश्नांमध्ये बोअरचा पाइप आहे, पत्र्याची शेड आहे, पाण्याची टाकी आहे, नि उपाय मात्र सगळ्यांनी आधीच ठरवलेला आहे: हिरवा रंग. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण पुढची बरीचशी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

नाशिकला आमच्या बंगल्यामागे छोटी बाग आहे. तिच्यात पंपाची लोखंडी पेटी आणि बोअरचा पाइप मधोमध उभे आहेत. दिवाळीआधी दोन्हींना चांगल्यापैकी हिरवा ऑइलपेंट लावून घेतला. आता आल्यागेल्याचं लक्ष आधी तिकडेच जातं. काय चुकलं?

दुकानात जाऊन नुसतं ‘हिरवा द्या’ म्हटलंत, तिथे चुकलं. असा मागितलेला हिरवा बहुतेक वेळा निळ्याकडे झुकलेला, भडक आणि चकचकीत निघतो. डब्यावर छान दिसतो, गाडीलाही शोभेल. पण जास्वंदीच्या शेजारी उभा केला की परक्यासारखा वाटतो. पानांचा हिरवा पिवळ्याकडे झुकलेला असतो आणि त्यात थोडी मातकट झाक असते. शिवाय पान आपण समजतो त्यापेक्षा बरंच गडद असतं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम दहावा हिस्सा ते परत फेकतं. आणि झुडपाकडे पाहताना डोळ्यांना नुसती पानं कुठे दिसतात? पानांमागची सावलीही दिसते, किंबहुना तीच जास्त. तुम्हाला रंग जुळवायचा आहे तो त्या सावलीशी.

म्हणून शेडकार्डावर पोपटी, पिस्ता, ‘गार्डन’ वगैरे गोड नावांच्या छटा असतील तर त्या पानावरून पुढे जा. शेवाळी, मेंदी, ऑलिव्ह या घराण्यात शोधा. ‘आयएस ५’ या भारतीय मानकात रंगांना क्रमांक दिलेले आहेत. त्यातला २२० क्रमांकाचा ऑलिव्ह ग्रीन ही सुरुवात करायला उत्तम जागा आहे, आणि कारखान्यांना माल देणाऱ्या दुकानात नुसता क्रमांक सांगितला तरी भागतं. काही कंपन्यांच्या शेडकार्डावर छटेखाली एलआरव्ही असा आकडा छापलेला असतो. ती छटा किती उजेड परत फेकते त्याचं हे माप. ८ ते १५ च्या दरम्यानचा आकडा निवडा. ३० च्या वर गेलात की वस्तू पुन्हा डोळ्यांत भरायला लागते.

लावलेला डबा उरला असेल तर टाकून देऊ नका. स्टेनरच्या, म्हणजे छटा बदलण्यासाठी रंगात मिसळायच्या दाट रंगाच्या, तीन छोट्या बाटल्या आणा: पिवडी, काव आणि काळा. हिरव्याचा भडकपणा मारायचा तर नुसता काळा घालून चालत नाही, रंग गढूळ निळा होतो. काव घातली की तो जागेवर येतो, कारण लाल हा हिरव्याचा वैरी. मग पिवडीने तो पानांकडे वळवायचा आणि शेवटी काळ्याने खाली उतरवायचा. नेमकं माप देत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा मूळ हिरवा वेगळा. चमचा-चमचा घालत जा, आणि हात जरा आखडता ठेवा. स्टेनर फार झाला की ऑइलपेंट वाळायचं नाव घेत नाही. गंमत म्हणजे पिवडीत नुसता काळा मिसळला तरी शेवाळी छटा तयार होते, हिरव्याचा थेंबही न घालता. जुन्या रंगाऱ्यांना हे पाठ असायचं.

चकाकी हा तिसरा गुन्हेगार. छटा अगदी बरोबर असली तरी ग्लॉस रंगावर ऊन पडलं की पांढरा चट्टा चमकतो आणि सगळं सोंग उघडं पडतं. मॅट मागा, नाहीच मिळाला तर सॅटिन.

पेटीवर थेट हात मारण्याआधी फूटभर प्लायवूडच्या तुकड्यावर रंग लावून तो पेटीला टेकवून ठेवा. तुम्ही चहा पिता त्या खुर्चीतून सकाळी, भर दुपारी आणि पाचच्या उन्हात डोळे किलकिले करून पाहा. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. तुकडा झाडीपेक्षा उजळ दिसला तर काळा अजून हवा आहे.

आम्ही सोलापूरजवळ राहतो. घरामागे जनावरांच्या वैरणीची खोली आहे, ती फारच ओबडधोबड दिसते. कोणता हिरवा घ्यावा?

कोणताच नाही.

तुमच्याकडे अंगण हिरवं असतं आषाढापासून फार तर दिवाळीपर्यंत. त्यानंतर गवत वाळून पिवळं पडतं, कडुलिंबसुद्धा धुळीने राखाडी होतो, आणि होळीनंतर हिरवी भिंत माळावर बसलेल्या पोपटासारखी दिसते. वर्षातले आठ महिने ज्या रंगाचे, त्याच्याशी जुळवा: वाळलेल्या गवताचा खाकी किंवा ओल्या मातीचा तपकिरी. खोलीमागे चिंच किंवा करंज असं दाट झाड असेल तर शेवाळीतला सगळ्यात मातकट प्रकार चालेल, पण तोही खाकीकडे झुकलेला. पावसाळ्यातले तीन-चार महिने खोली थोडी उठून दिसेल, तेवढी दिसू द्या.

रत्नागिरीत नवीन शेड घातली. कोऱ्या चकचकीत जीआय पत्र्याला बाहेरून गडद हिरवा ऑइलपेंट दोन हात दिला. पहिल्याच पावसात पापुद्रे निघाले. रंगारी म्हणतो पेंट नकली होता. खरं आहे का?

पेंट अस्सल असला तरी हेच झालं असतं. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो. ऑइलपेंटमधल्या तेलाशी जस्ताची प्रक्रिया होऊन मधल्या सांध्यात चक्क साबण तयार होतो. साबणावर रंग किती दिवस बसणार? त्यात कोकणातला पाऊस.

आता निघतील तेवढे पापुद्रे खरवडून काढा, सोडा किंवा साबणाच्या पाण्याने पत्रा धुऊन तेलकटपणा घालवा, कोरडा करा, बारीक पॉलिशपेपर फिरवा आणि मग वॉश प्रायमर किंवा ज्याच्या डब्यावर ‘जीआयसाठी’ असं स्पष्ट लिहिलंय तो प्रायमर लावा. नेहमीचा लाल रेड ऑक्साइड प्रायमर हा काळ्या लोखंडाचा, इथे त्याचा उपयोग नाही. वर पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक मॅट रंग घेतलात तर तेलाचा प्रश्नच उरत नाही. घाई नसेल तर आणखी सोपा मार्ग आहे: कोरा पत्रा वर्षभर ऊन-पावसात तसाच राहू द्या. त्याची चकाकी आपोआप मरते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि रंग धरतो.

छटेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. तुमच्याकडे झाडी वर्षभर दाट असते, फणस-आंब्याची पानं गर्द आणि काळपट. इथे खाकीकडे वळू नका. बाटलीच्या हिरव्यापेक्षा आणखी एक पायरी खाली, जवळजवळ काळ्याला टेकलेला शेवाळी घ्या. पण शेडच्या बाजूची भिंत जांभ्याची असेल आणि तिलाही हिरवा फासायचा बेत असेल तर कृपा करून थांबा. आजूबाजूची मातीच लाल आहे. जांभा तिथे आधीच लपलेला असतो.

कोल्हापूर. गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी रस्त्यावरून दिसते. हिरवी केली तर झाडांत मिसळेल का?

रस्त्यावरून वर पाहिलं की टाकीमागे काय दिसतं? झाड नव्हे, आकाश. आकाशापुढे हिरवा जितका उठून दिसतो तितका क्वचितच दुसरा कुठला रंग दिसत असेल. तिथे फिकट राखाडी हवा, तोही मॅट.

पण मुळात टाकी रंगवूच नका असं माझं मत. ती पॉलिएथिलीनची असते आणि या प्लास्टिकला रंग धरतच नाही. खास प्लास्टिक प्रायमर लावून धडपड करता येते, पण उन्हात टाकी फुगते-आकसते आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाच्या चिंध्या लोंबू लागतात. टाकीचा काळेपणा तिच्या कामाचा आहे. त्यातलं काजळीसारखं कार्बन ब्लॅक प्लास्टिकला उन्हापासून वाचवतं आणि आत उजेड जाऊ देत नाही, म्हणून पाण्यात शेवाळ धरत नाही. गच्चीच्या त्या बाजूला लोखंडी चौकट उभी करून बांबूची तट्टी बांधा. माणूस टाकी धुवायला आत शिरू शकेल एवढी जागा मात्र सोडा.

गोव्यात बागेला तारेच्या जाळीचं कुंपण आहे. पांढरं केलं तर स्वच्छ दिसेल असं घरचे म्हणतात, मला ते दिसायलाच नको आहे.

तुमचं बरोबर आहे. पांढऱ्या किंवा चंदेरी जाळीवर नजर अडते, गडद जाळीतून ती आरपार जाते. इंग्लंडमध्ये बागांच्या कुंपणांसाठी ‘इनव्हिजिबल ग्रीन’ नावाची छटा दोनशे वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. हातात घेऊन पाहिलं तर ती काळीच वाटते. नवी जाळी घेणार असाल तर पीव्हीसीचं वेष्टन असलेली मिळते. तिच्यात आरएएल या युरोपीय रंगक्रमांकांतला ६००५ म्हणजे मॉस ग्रीन सर्रास असतो आणि तो चांगला आहे. त्याहून उजळ जो ६०१८ असतो तो नको, तो पोपटीच. खांब विसरू नका. जाळी गडद आणि सिमेंटचे खांब पांढरे, असं केलंत तर लांबून फक्त खांबांची रांग दिसेल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. पुढच्या लॉनवर वीज कंपनीची मोठी हिरवी पेटी आहे. तिच्यावर वेलींचं सुंदर चित्र रंगवावं असा मुलींचा हट्ट आहे.

मुलींना कागद द्या. ती पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आहे आणि मालमत्ता कंपनीची. तिच्यावरच्या सूचना रंगाखाली गेल्या तर प्रश्न सुरक्षिततेचा होतो.

पण त्या पेटीचा रंग नीट पाहून ठेवा, कारण या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तुमच्याच लॉनवर उभं आहे. अमेरिकेत या पेट्यांची छटा मन्सेल पद्धतीने ठरवून दिलेली आहे: ७जीवाय ३.२९/१.५. जीवाय म्हणजे पिवळ्याकडे झुकलेला हिरवा. ३.२९ हा उजळपणा, जिथे ० म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा. अर्थात बराच गडद. आणि १.५ हा रंगाचा भडकपणा, म्हणजे जवळजवळ नाहीच. पिवळसर, गडद, मेलेला. तुमच्याकडे कचऱ्याच्या पेट्यांचा आडोसा किंवा एसीभोवतीची लाकडी जाळी रंगवायची असेल तर दुकानात हाच आकडा दाखवा.

पेटीसमोर झुडपं लावायची तर दाराच्या बाजूला साधारण दहा फूट मोकळे ठेवावे लागतात. नेमकं अंतर पेटीवरच्या सूचनेत असतं, आधी ते वाचा.

ठाणे. तळमजल्याच्या आमच्या अंगणातून गॅसचा पिवळा पाइप, एसीचं बाहेरचं युनिट आणि विजेचा मीटर असं सगळंच दिसतं. एकाच दिवशी सगळं शेवाळी करून टाकू का?

गॅसच्या पाइपाला हात लावू नका. तो पिवळा आहे तो दिसावा म्हणूनच, पहार मारणाऱ्याला आणि आग विझवायला आलेल्यांना. मीटर कंपनीचा, सभोवताली तुमची लाकडी चौकट असेल तर ती रंगवा. एसीच्या युनिटचा पत्रा बाहेरून रंगवायला हरकत नाही, पण मागच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर रंगाचा फवारा गेला तर उष्णता बाहेर पडत नाही आणि बिल वाढतं. स्प्रे वापरणार असाल तर पात्यांवर आधी वर्तमानपत्र चिकटवा, आणि काम झाल्यावर ते आठवणीने काढा. आमच्या इमारतीत ते एकदा महिनाभर तसंच राहिलं होतं.

छत्रपती संभाजीनगर. कंपाउंडच्या भिंतीला पंधरा दिवसांपूर्वी गिलावा केला. माळ्याकडे एका कारखान्यातला जुना हिरवा रंग अर्धा ड्रम पडून आहे, तो वापरू?

नको, दोन कारणांनी. ताजा गिलावा अल्कधर्मी असतो, त्याला किमान २८ दिवस तरी द्या. जुन्या पद्धतीचे हिरवे रंग पुष्कळदा क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू मिसळून केलेले असत. प्रशियन ब्लू अशा भिंतीवर टिकत नाही, महिन्याभरात भिंत पिवळट चट्ट्यांची होते. आणि क्रोम यलो म्हणजे शिसं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आहे. तो ड्रम त्याआधीचा असेल, किंवा मुळात घरासाठी बनवलेलाच नसेल, तर मुलं खेळतात त्या भिंतीवर तो चढवू नका. सिमेंटवर टिकणारा हिरवा हवा असेल तर क्रोमियम ऑक्साइडचा घ्या. तो जन्मतःच मळकट शेवाळी असतो, काव-काळ्याची फारशी गरज पडत नाही.