गायगर काउंटर आहे ना, मग रेडिएशन पकडायला नवीन मटेरियल कशाला शोधतात?

कारण गायगर फक्त टिकटिक करून मोजतो, गॅमा किरणांची एनर्जी किती ते सांगत नाही, आणि एनर्जीच कळली नाही तर सोर्स अणुभट्टीतून येणारं सिझियम-१३७ आहे की निसर्गातच सापडणारं साधं पोटॅशियम-४० हे ओळखणार कसं?

सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल त्यामानाने स्वस्त, पण ६६२ केईव्हीला (सिझियम-१३७ च्या गॅमाची एनर्जी) रिझोल्युशन, म्हणजे मोजलेली एनर्जी किती पसरते ते, ६-७ टक्के (जितकं कमी तितकं चांगलं), त्यामुळे ग्राफवरचे जवळजवळचे पीक (उंचवटे) एकमेकांत मिसळतात. जर्मेनियम एकदम भारी, ०.२ टक्क्यांच्या आसपास, पण त्याला लिक्विड नायट्रोजन नाहीतर कूलर लागतो, ते लटांबर घेऊन फिरणार कोण! कॅडमियम झिंक टेल्युराइड रूम टेंपरेचरला मस्त चालतं पण मोठा निर्दोष क्रिस्टल वाढवणं महाकठीण, म्हणून महाग.

सध्या हवा आहे पेरोव्हस्काइट या विशिष्ट रचनेच्या क्रिस्टलांची, खास करून सिझियम लेड ब्रोमाइड, लॅबमध्ये दीड टक्क्याच्या आत रिझोल्युशन मिळालंय आणि बनवायलाही तुलनेने सोपं, फक्त व्होल्टेज लावलं की आतले आयन सरकायला लागतात आणि सिग्नल भरकटतो, माझ्या मते खरं घोडं तिथेच अडलंय.

न्यूट्रॉनचं दुखणं वेगळं, २००८-०९ च्या सुमारास न्यूट्रॉन पकडायला वापरतात त्या हेलियम-३ वायूचा तुटवडा झाला म्हणून बोरॉन-१० आणि लिथियम-६ वाल्या डिटेक्टरांवर जोर वाढला.