आर्मेनियन थडग्यांवरचे साल कसे काढावे?

प्रश्न : आम्ही काही हौशी मंडळी हत्तरसंग कुडलसारख्या ठिकाणी जाऊन शिलालेख वाचतो. आता चेन्नईचे आर्मेनियन चर्च पाहायचे आहे. तिथल्या थडग्यांवर सालाचे आकडेच दिसत नाहीत असे ऐकले. मग काळ कसा ठरवायचा?
– एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : साल असते, पण अक्षरांत. आर्मेनियन लिपीची मूळ ३६ अक्षरे नऊ-नऊच्या चार ओळींत मांडा. पहिली ओळ १ ते ९, दुसरी १० ते ९०, तिसरी १०० ते ९००, चौथी १००० ते ९०००. हा तक्ता छापून सोबत न्याच. मोठी किंमत आधी कोरतात. सगळ्यांची बेरीज करायची. शून्य नसल्यामुळे १२०० हे दोनच अक्षरांत येते, म्हणून अक्षरे मोजून अंदाज बांधू नका. १ आणि २०० यांची मोठी (कॅपिटल) अक्षरे झिजलेल्या दगडावर सारखीच भासतात. तिथे क्रम पाहून ठरवा.

खरी चूक पुढे होते. हत्तरसंग कुडलच्या शिलालेखातल्या शके ९४० मध्ये ७८ मिळवले की १०१८ येते, तसा इथे एकच आकडा चालत नाही. बेरीज ११०० ते १३०० च्या दरम्यान आली तर थोरला आर्मेनियन शक, ५५१ मिळवा : १२२१ म्हणजे १७७२, सध्याच्या चर्चचे साल. बेरीज अडीचशेच्या आत असेल तर इराणमधल्या जुल्फा या आर्मेनियन वस्तीतल्या व्यापाऱ्यांचा धाकटा शक, १६१५ मिळवा : १७९ म्हणजे १७९४. त्याच वर्षी या शहरात ‘अझ्दारार’ हे जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक निघाले. त्याचे संपादक धर्मगुरू हारुत्युन श्मावोनियान यांची कबर याच आवारात आहे, ती चुकवू नका. बेरीज सोळाशेच्या पुढे गेली तर ते इसवी सनच, काही मिळवायचे नाही. दोन्ही शकांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, त्यामुळे एका वर्षाचा फरक पडू शकतो.

चर्च जॉर्ज टाउनमध्ये, उच्च न्यायालयाजवळच्या आर्मेनियन स्ट्रीटवर आहे. त्याच रस्त्यावर सेंट मेरीचे मोठे कॅथलिक चर्चही आहे. बरेच जण तिथेच शिरतात. सहा घंटांचा स्वतंत्र मनोरा दिसला की योग्य जागी आलात. सकाळीच जा : थडगी जमिनीलगत आडवी आहेत आणि तिरप्या उन्हात अक्षरे उठून दिसतात. खडू, पीठ किंवा तेल अजिबात चोळू नका, दगडाची छिद्रे भरतात आणि डाग कायमचे राहतात. ढगाळ असेल तर बॅटरी दगडाच्या कडेला आडवी धरून फोटो घ्या.